फाटकापाशी थांबलेली समीक्षा

मराठी एम.ए.च्या वर्गाला आधुनिकोत्तर विचार शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक प्राध्यापकाच्या टिपणवहीत एक ठरलेला परिच्छेद असतो. त्यात डिस्नेलँड येते, झाँ बोद्रियार येतो, ‘प्रतिमेने वास्तवाची जागा घेतली आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य येते आणि विद्यार्थी ते अधोरेखित करून घेतात. आमच्याही वह्यांत तो होता. तो कोणाच्या वहीतून आमच्या वहीत आला हे आता सांगता येणार नाही; अशा परिच्छेदांना जनक नसतो, फक्त झेरॉक्स असते. पंधरा वर्षे आम्ही तो शिकवला, त्यावर प्रश्न काढले आणि त्या प्रश्नांची उत्तरे तपासली. (‘हायपररिअ‍ॅलिटी’ला मराठीत काय म्हणावे यावर एका चर्चासत्रात दीड तास वाद झाला होता. ‘अतिवास्तव’ हा शब्द सररिअ‍ॅलिझमने आधीच अडवून ठेवलेला, म्हणून ‘अधिवास्तव’ ठरले. त्या दीड तासात डिस्नेलँड प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता, हे तेव्हा कोणाला खटकले नाही. आम्हांलाही नाही.)

प्रस्तुत लेख त्या परिच्छेदाविरुद्ध आहे. आमचे म्हणणे असे की, करमणुकीच्या जागेला ‘आभास’ ठरवून मोकळी होणारी समीक्षा त्या जागेच्या फाटकापाशीच थांबते. आत काय घडते हे तिला ठाऊक नसते आणि, याहून गंभीर म्हणजे, त्याच फाटकाबाहेर कोणाकोणाला उभे ठेवले होते हेही ठाऊक नसते.

हे म्हणण्याचा अधिकार आम्हांला कसा मिळाला, ते आधी सांगणे भाग आहे. आम्ही चौघे चार वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. सगळ्यांनीच चाळिशी ओलांडली आहे. आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ पिट्सबर्गला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाण्याचे ठरले, तेव्हा आमच्या डोक्यात मराठी प्रवासवर्णनांनी आखून दिलेला कार्यक्रम होता: नायगारा, न्यूयॉर्क, जमल्यास एखादे विद्यापीठ. भावाने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही लोक जे पुस्तकात वाचलंय तेच बघायला येता.” त्याला रोलर कोस्टरचे वेड आहे, वर्षातून दोनदा तो मित्रांबरोबर गाडी काढून या राज्यातून त्या राज्यात उद्याने पालथी घालतो. त्याने आम्हांला आपल्या गाडीत कोंबले आणि नऊ दिवस पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मेरीलँड असे फिरवले. डिस्नेलँड वाटेत नव्हते. ते तिथून अडीच हजार मैलांवर कॅलिफोर्नियात आहे, आणि या लेखाचा अर्धा मुद्दा त्या अंतरातच आहे.

पिट्सबर्गलगतच्या वेस्ट मिफ्लिनमधले केनीवुड हे पहिले उद्यान. ते १८९८ साली तिथल्या ट्राम कंपनीने काढले. संध्याकाळी आणि रविवारी रिकाम्या धावणाऱ्या ट्रामगाड्यांना प्रवासी मिळावेत म्हणून मार्गाच्या टोकाशी एक बाग, तळे, नाचघर आणि पाळणे उभे करायचे, असा तो व्यवहार होता. त्या काळी अमेरिकेच्या शहराशहरांतून अशी ‘ट्रॉली पार्क’ निघाली. त्यांतली फारच थोडी आज उरली आहेत, केनीवुड उरले. मोटारी उभ्या करून, रस्त्याखालच्या भुयारी वाटेने आत गेलो आणि झाडीतून बाहेर आलो तो समोर मोनोंगहिला नदी, नदीपलीकडे ब्रॅडॉक गावात धूर ओकणारा एडगर थॉमसन पोलाद कारखाना. अँड्र्यू कार्नेगीचा हा कारखाना १८७५ पासून चालू आहे. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ या उद्यानातल्या गाडीच्या सर्वोच्च बिंदूवरून कामगाराला काय दिसत आले? त्याचाच कारखाना.

इथे आमच्यातल्या एकीने लगेच अ‍ॅडोर्नो काढला. भांडवलशाहीतली करमणूक हा कामाचाच लांबवलेला भाग आहे, माणूस यंत्रापासून सुटका शोधतो ती पुन्हा यंत्रातच, हा अ‍ॅडोर्नो आणि हॉर्कहायमर यांचा विचार. आणि त्याचे याहून चोख उदाहरण कुठे सापडणार? सापडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. त्या दोघांचे म्हणणे बोद्रियारच्या म्हणण्यापेक्षा कितीतरी अधिक जबाबदारीचे आहे, कारण ते निदान कामाचे नाव घेतात. पण त्या म्हणण्यात एक गृहीतक दडलेले आहे: नदीच्या या काठावर आलेल्या कामगाराला पलीकडचा काठ विसरायला लावले जाते. केनीवुडला तो विसरता येत नाही. तो तिथे दिसतो, त्याचा वास येतो. शाळांच्या सहली तिथे येत आल्या, इटालियन दिवस, पोलिश दिवस असे स्थलांतरितांचे मेळावे तिथे भरत आले. पिट्सबर्गच्या बोलीत तर पँटची चेन उघडी राहिलेल्या माणसाला “केनीवुड उघडं आहे” असे सांगतात! ज्या जागेला लोकांनी आपल्या भाषेत इतके आत घेतले आहे, तिथे आलेल्या माणसाला फसवले जात आहे असे म्हणणाऱ्याने लोक फसले आहेत याचा पुरावा द्यायला हवा. आम्ही तो पंधरा वर्षे दिला नाही. आम्हांला तो कोणी मागितलाही नाही.

या यंत्राचे मूळही पाहण्यासारखे आहे. त्याच पेनसिल्व्हेनियात, आज जिम थॉर्प हे नाव असलेल्या गावात, १८२७ साली खाणीतला कोळसा उतरवण्यासाठी डोंगरउतारावर सुमारे नऊ मैलांचा रूळमार्ग बांधला गेला. कोळशाने भरलेली डबकी स्वतःच्या वजनाने खाली घरंगळत. रिकामी डबकी खेचरे वर ओढून नेत. आणि ही खेचरे वेगळ्या डब्यात उभी राहून खाली येत. असे सांगतात की, एकदा गाडीतून उतरण्याची चटक लागल्यावर ती खेचरे पायी उतरायला तयार होईनात. पुढे १८७२ मध्ये बोगदा होऊन कोळशाला दुसरी वाट मिळाली आणि हा मार्ग निव्वळ हौशी प्रवाशांसाठी राहिला, तो १९३३ पर्यंत. रविवारच्या धर्मशाळेत शिकवणाऱ्या लामार्कस थॉम्प्सनने १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंट घेऊन माणसांना ताशी सहा मैल वेगाने फिरवणारी ‘स्विचबॅक रेल्वे’ उभी केली, ती या वंशातलीच. तेव्हा रोलर कोस्टर हे कोणत्याही मूळ वस्तूचे प्रतिमान नव्हे. ते ओझे उतरवायचे खरे यंत्र आहे, फक्त ओझे बदलले. ‘मूळ नसलेली प्रतिमा’ ही बोद्रियारची व्याख्या इथे लावायची, तर आधी हा डोंगर सपाट करावा लागेल.

मग ही मंडळी काय पाहत होती? १९०६ साली मॅक्सिम गॉर्की क्रांतीसाठी पैसा उभा करायला अमेरिकेत गेला. सोबतची मारिया आंद्रेयेव्हा ही त्याची लग्नाची बायको नाही, एवढ्यावरून न्यूयॉर्कमधल्या हॉटेलने त्यांना बाहेर काढले. ‘आई’ या कादंबरीचे बरेचसे लेखन त्याने याच मुक्कामात केले आणि याच मुक्कामात पाहिलेल्या कोनी आयलंडवर एक निबंध लिहिला. निबंधाचे शीर्षकच ‘कंटाळा’. दुरून दिव्यांचे अद्भुत नगर, जवळ जावे तर रंगवलेल्या फळ्या, आणि त्यांतून निमूट हिंडणारी, निस्तेज चेहऱ्यांची गर्दी, असे ते चित्र आहे. कामगाराची आई उभी करणारा हा लेखक कामगारांच्या सुट्टीकडे मात्र वैद्य रोग्याकडे पाहतो तसा पाहतो. उम्बेर्तो एकोने १९७५ मध्ये लिहिलेल्या निबंधात निदान प्रवास केला आहे. मेणाची संग्रहालये, हर्स्टचा वाडा, डिस्नेलँड हे सारे पाहिले आहे, आणि त्याला ते पाहताना मजा वाटली आहे हे तो लपवत नाही. बोद्रियारच्या १९८१ च्या ग्रंथात मात्र डिस्नेलँड हे एका सिद्धान्तवाक्याचे उदाहरण होऊन राहते: उरलेली अमेरिका खरी वाटावी म्हणून डिस्नेलँड काल्पनिक म्हणून उभे केले आहे. वाक्य चमकदार आहे. वर्गात ते टाकले की शांतता पसरते. पण गॉर्की असो, एको असो, बोद्रियार असो, तिघांच्याही दृष्टीचा विषय एकच: आत असलेली गर्दी. बाहेर कोण आहे, हा प्रश्न तिघांनाही पडत नाही. स्वतः हॉटेलबाहेर काढल्या गेलेल्या गॉर्कीलासुद्धा नाही.

आत काय घडते, तेवढे आधी. केनीवुडमध्ये १९२० सालची ‘जॅक रॅबिट’ नावाची लाकडी गाडी आहे. ती जॉन मिलरने रचली. रुळाला खालून धरून ठेवणारे चाक याच मिलरने प्रचारात आणले. त्याआधीच्या गाड्या रुळावर नुसत्या ठेवलेल्या असत, म्हणून त्यांना फार वेगाने चढउतार करता येत नसे. खालून धरलेली गाडी उतारावर झोकून देता येते. ती टेकाडावरून खाली वळते, शरीर मात्र क्षणभर आपल्या आधीच्याच दिशेने जात राहते, आणि बसलेला माणूस बाकापासून वर उचलला जातो. जॅक रॅबिटवर असे लागोपाठ दोन उतार आहेत आणि शेवटच्या डब्यात त्यांची गंमत सर्वाधिक, असे धाकट्या भावाने सांगितले. म्हणून आम्ही शेवटच्या डब्यात बसलो. वीस वर्षे भरताचे रससूत्र शिकवणारा आमचा मित्र उतरल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “हे लौकिक भय नव्हतं.”

यावर पुढचे दोन दिवस गाडीत वाद चालला. त्याचे म्हणणे असे की, मांडीवर दांडा घट्ट बसलेला आहे हे मनाला ठाऊक असते, शरीराला ते पटत नाही. या फटीतून जे निघते ते भय नव्हे, भयाचा आस्वाद आहे. भीती ‘माझी’ आहे असेही म्हणता येत नाही आणि ‘दुसऱ्याची’ आहे असेही नाही, कारण गाडीतली सगळी माणसे एकाच क्षणी किंचाळतात. साधारणीकरणाचे उदाहरण द्यायला आपण आजवर ‘शाकुंतला’तले पळणारे हरीण देत आलो, हेही द्यायला काय हरकत आहे? दुसऱ्याचा आक्षेप असा की, इथे विभाव कुठे आहेत, आलंबन कोण? टेकाड? आणि स्थायिभाव उद्दीपित होण्यापूर्वीच फेरी संपते त्याचे काय? वाद मिटला नाही, आणि मिटावा अशी आमची इच्छाही नाही. सांगायचे एवढेच की, पंधरा वर्षांत डिस्नेलँडच्या त्या परिच्छेदाने आमच्यात एकदाही असा वाद लावला नव्हता. जो सिद्धान्त उत्तर आधीच देऊन ठेवतो त्याच्यावर काय वाद घालणार?

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातल्या कनोबेल्स या उद्यानात (उच्चारात ‘क’ गिळायचा नाही, अशी तंबी मिळाली) आम्हांला खरे समीक्षक भेटले. १९२६ पासून चालत आलेल्या या उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. लोक घरचे डबे आणि कुत्री घेऊन येतात, आणि ज्या पाळण्यात बसायचे त्याचेच तिकीट काढतात. तिथे ‘फिनिक्स’ नावाची लाकडी गाडी आहे. ती मूळची टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची. तिथले उद्यान बंद पडल्यावर ती फळीफळीने सुटी करून इकडे आणली आणि १९८५ मध्ये पुन्हा उभी केली. रांगेत आमच्यापुढे सहा-सात जणांचा एक जथा होता. तीन राज्यांतून एकत्र येऊन ते अशाच सहलीवर निघाले होते. अमेरिकेत १९७८ पासून अशा शौकिनांची देशव्यापी संघटनाच आहे. हे लोक फिनिक्सविषयी जे बोलत होते ते ऐकून आम्ही चकित झालो. पुढच्या आसनावरची फेरी आणि मागच्या आसनावरची फेरी या दोन वेगळ्या संहिता आहेत. सकाळची गाडी आणि वंगण तापल्यावरची रात्रीची गाडी वेगळी. बाकावरून अलगद तरंगवणारा उचल आणि फेकून देणारा उचल यांना त्यांच्याकडे दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. फळ्या बदलल्याने मूळ रचनाकाराचा हेतू बिघडला की सुधारला यावर मतभेद आहेत. पाठभेद, पुनर्वाचन, रचनातत्त्व, लय असे सारे त्यात होते. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांना उदाहरणे शोधत फिरणाऱ्या आम्हा मास्तरांना ती एका रांगेत मिळाली, आणि बोलणाऱ्यांपैकी एकजण व्यवसायाने नळकाम करणारा होता. यांना ‘निष्क्रिय उपभोक्ता’ म्हणायचे आणि डिस्नेलँडचा परिच्छेद उतरवून काढणाऱ्यांना सक्रिय वाचक!

आता बाहेरच्यांकडे येऊ.

केनीवुड आणि सँडस्की यांच्यामध्ये क्लीव्हलँड लागते. तिथे ईरी सरोवराच्या काठी युक्लिड बीच पार्क नावाचे उद्यान १८९५ पासून होते, ते १९६९ मध्ये बंद पडले. रस्त्याच्या कडेला त्याची दगडी कमान तेवढी उभी होती. भावाने गाडी थांबवली ती फोटोसाठी; आम्ही तिथे तासभर थांबलो ते दुसऱ्याच कारणाने. या कमानीतून काळ्या माणसांना आत जाता येई, पण नाचघर त्यांच्यासाठी बंद होते आणि गोऱ्यांबरोबर मिळून मिसळून वावरण्याला मज्जाव होता. १९४६ च्या उन्हाळ्यात काळ्या-गोऱ्यांचे मिश्र गट मुद्दाम तिथे गेले, त्यांना बाहेर हुसकले गेले, फाटकावर निदर्शने झाली. सप्टेंबरात उद्यानाचे रखवालदार आणि दोन काळे पोलिस यांच्या झटापटीत गोळी सुटली. पुढल्याच वर्षी शहराला उद्यानांमधल्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला. व्हिक्टोरिया वॉलकॉट यांचे २०१२ साली आलेले पुस्तक हा सगळा इतिहास मांडते. त्याच्या नावातच वंश, दंगली आणि रोलर कोस्टर हे तीन शब्द शेजारी बसले आहेत.

हे एकट्या क्लीव्हलँडचे नव्हते. सिनसिनाटीच्या उद्यानाने १९५५ मध्ये फाटक उघडले, पण पोहण्याचा तलाव आणि नाचघर १९६१ पर्यंत बंदच ठेवले. पाळण्यात शेजारी बसलेले चालेल, पाण्यात उतरलेले चालणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्या भाषेच्या इतिहासात आहे, त्या भाषेच्या प्राध्यापकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एकोमध्ये ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठातले काळे विद्यार्थी मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांवर जाऊन बसले आणि उठेनात. त्यांना अटक झाली. सबंध उन्हाळा फाटकावर निदर्शने झाली, शेजारच्या वस्तीतले गोरे लोकही त्यांत उतरले, आणि १९६१ च्या वसंतात उद्यान सर्वांना खुले झाले. बाल्टिमोरच्या ग्विन ओकमध्ये जुलै १९६३ मध्ये दोन निदर्शनांत मिळून साडेतीनशेहून अधिक लोक पकडले गेले. ते उद्यान खुले झाले तो दिवस २८ ऑगस्ट १९६३, म्हणजे वॉशिंग्टनच्या मोर्च्याचाच दिवस. त्या दिवशी तिथल्या लाकडी घोड्यावर अकरा महिन्यांची एक काळी मुलगी बसली.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले, ते आमच्या कितीतरी महाविद्यालयांत इंग्रजीच्या अभ्यासक्रमाला असते. त्यात अटलांटाच्या फनटाउन या उद्यानाचा उल्लेख आहे. दूरचित्रवाणीवर त्याची जाहिरात पाहून आपली सहा वर्षांची मुलगी तिथे जायचे म्हणते आणि तिथे तिच्यासारख्यांना प्रवेश नाही हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळते, असा तो प्रसंग. दारिद्र्य आहे, मारहाण आहे, अपमान आहेत. त्या यादीत किंग एक करमणुकीचे उद्यान ठेवतात, आणि ते तिथे जराही हलके वाटत नाही. आता त्या मुलीपुढे आमचा परिच्छेद वाचून दाखवावा: बाळ, तू रडतेस ती जागा मुळात नाहीच, ते एक प्रतिमान आहे.

आभासात शिरण्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही. आणि आभासात कोणी शिरू नये म्हणून कोणी फाटकावर बंदूकधारी रखवालदार ठेवत नाही.

गंमत अशी की, ही गोष्ट आमच्या साहित्यशास्त्राच्या पहिल्याच पाठात आहे. नाट्यशास्त्राच्या प्रथमाध्यायात देव ब्रह्मदेवाकडे ‘क्रीडनीयक’ मागतात. दिसेल आणि ऐकूही येईल असे खेळणे. आणि शूद्रांना वेदश्रवणाचा अधिकार नाही, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद करावा अशी ती मागणी आहे. करमणूक आणि प्रवेशाचा हक्क हे दोन प्रश्न तिथे एकाच श्वासात येतात. आम्ही मात्र परीक्षेसाठी नाट्याची उत्पत्ती शिकवतो आणि खेळणे हा शब्द ओलांडून पुढे जातो. आणखी एक: महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या भल्या लोकांना. त्या अर्पणपत्रिकेवर आम्ही व्याख्याने देतो. त्या मुक्तीनंतर शंभर वर्षे उलटेपर्यंत मुक्तांच्या पणतवंडांना लाकडी घोड्यावर बसू दिले जात नव्हते, हे आमच्या एकाही व्याख्यानात आले नव्हते.

मग डिस्नेलँडचे काय? ते १९५५ साली उघडले: शहरापासून दूर, संत्र्याच्या बागा तोडून, महामार्गाला लागून, भोवती मातीचा उंच बांध घालून. ट्रामच्या टोकाशी असलेल्या जुन्या, गचाळ, सर्वांच्या अंगणातल्या उद्यानांना वॉल्ट डिस्नेने दिलेले ते उत्तर होते. शहरातली उद्याने कायद्याने सर्वांना खुली होऊ लागली, त्याच दोन दशकांत गोरा मध्यमवर्ग उपनगरांकडे सरकत होता, जुनी उद्याने एकामागून एक बंद पडत होती आणि मोटारीशिवाय पोचताच येणार नाही अशा ठिकाणी नवी निघत होती. फाटकावरचा रखवालदार गेला. त्याचे काम महामार्ग करू लागला. म्हणजे ज्या बंदिस्त, निर्जंतुक, जगापासून तोडलेल्या जागेला बोद्रियार करमणुकीचे किंवा अमेरिकेचे सार समजतो, ते सार नसून एका विशिष्ट पळापळीचा परिणाम आहे. परिणामाला स्वभाव म्हणणे ही तर्कातली चूक आहे; ती पॅरिसमध्ये झाली म्हणून तत्त्वज्ञान ठरत नाही.

आम्ही उद्यानांचे भाट होऊन आलो आहोत असे कोणी समजू नये. सँडस्कीचे सीडर पॉइंट १८७० पासूनचे. तिथे २००० साली उभी राहिलेली ३१० फूट उंचीची ‘मिलेनियम फोर्स’ ताशी ९३ मैलांनी धावते, आणि तिच्या रांगेत आम्ही भर उन्हात ताटकळलो. त्या रांगेचे आम्हांला आरंभी फार कौतुक वाटले: डॉक्टर, ट्रकचालक, शाळकरी पोरे, सगळे एका ओळीत, सगळ्यांना सारखाच घाम. मग शेजारच्या मोकळ्या वाटेने मनगटावर पट्टी बांधलेली माणसे सरळ पुढे जाऊ लागली. वरचे पैसे भरून रांग टाळण्याची ती सोय आहे, तिला ‘फास्ट लेन’ म्हणतात. १९४६ मध्ये रंगाने जे केले ते आता पट्टी करते असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. पट्टी विकत घेता येते, कातडी घेता येत नाही. तरीही ती वाट पाहून चीड आली, हे खरे. त्याच उद्यानात ४२० फुटांचा एक मनोरा निश्चल उभा होता. २०२१ च्या अपघातानंतर ती गाडी बंद होती, पुढे २०२४ मध्ये नव्या नावाने सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा थांबली. त्याच वर्षी ही कंपनी आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यात विलीन झाली. भांडवलाचा हिशेब जरूर मांडावा. मात्र तो मांडायचा तर भाडे, मजुरी, जमीन, रांग यांचा मांडावा. ‘आभास’ या शब्दात यांपैकी काहीच येत नाही, आणि म्हणूनच तो शब्द कंपन्यांना मुळीच टोचत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हांला अमेरिकेत नव्हे, वर्गात शिकायला मिळायला हवी होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घरचा आकाशपाळणा होता. वडील आणि चुलते तो ट्रकवर घालून जत्रेजत्रेला नेत. जत्रांच्या हंगामात हा मुलगा पंधरा-पंधरा दिवस गैरहजर असे आणि त्याबद्दल आम्ही त्याला बोललोही होतो. बोद्रियारचा तास झाल्यावर तो उभा राहिला. म्हणाला, “सर, पाळणा आमचा आहे. लोक खरंच वर जातात.” वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, पण त्याहून वाईट केले: ‘खरे’ या संकल्पनेचा प्रश्नच कसा चुकीचा आहे हे त्याला दहा मिनिटे समजावून सांगितले. त्याने ते लिहून घेतले. परीक्षेत त्या प्रश्नाला त्याला सोळापैकी अकरा गुण मिळाले. उत्तरात पाळण्याचा उल्लेख नव्हता.

ग्लेन एकोला आम्ही शेवटच्या दिवशी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आता ती जागा राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. पाळणे कधीच गेले, १९२१ सालचे ते मेरी-गो-राउंड तेवढे लोकांनी वर्गणी काढून राखले आहे. ते बंद झाले होते. काचेआडून घोडे, ससे, शहामृग दिसत होते. रससूत्रवाला आमचा मित्र काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला आणि भाऊ मागून हाका मारत राहिला, की विमानतळाची वेळ होतेय.

या लेखाचा खर्डा चौघांनी मिळून केला, पण तो चौघांनाही सारखा मान्य नाही. अ‍ॅडोर्नो काढणाऱ्या आमच्या सहकारी बाईंच्या मते फास्ट लेनचा परिच्छेद दोन ओळींत उरकला आहे आणि केनीवुडच्या कामगाराविषयी आम्ही भाबडे झालो आहोत. त्या स्वतंत्रपणे उत्तर लिहीत आहेत. टिपणवहीतला तो परिच्छेद मात्र चौघांनीही काढून टाकला आहे. त्या जागी यंदापासून फनटाउनचा प्रसंग, नाट्यशास्त्राचा प्रथमाध्याय आणि जवळच्या जत्रेला एक भेट असे ठेवले आहे. भेटीच्या प्रवासखर्चाची मागणी कार्यालयाने ‘अभ्यासक्रमाशी संबंध स्पष्ट करावा’ असा शेरा मारून परत पाठवली. तो स्पष्ट करणारे पत्र आम्ही पुन्हा दिले आहे.